हिंदुरावांचं खर्जाचं खोकं

धायरीत मोठ्या रस्त्यावरून आत वळलं, की ‘मथुरा हाइट्स’ नावाची पाच मजली इमारत लागते. तिच्या तळघरात पूर्वी काय होतं, असं कुणी विचारलं तर हिंदुराव म्हणत, “कांदा.” त्यात विनोद नव्हता. आता जिथे इमारत होती तिथे त्यांचं कांद्याचं रान होतं, पलीकडे ज्वारी, आणि ओढ्याच्या अंगाला घासाचा एक तुकडा. शहर सिंहगड रस्त्याने हळूहळू चालत आलं आणि एक दिवस त्यांच्या बांधावर येऊन उभं राहिलं. त्यांचा मुलगा विक्रम बांधकामाच्या धंद्यात पडला. त्याने रानावर इमारत बांधली आणि तिला आईचं नाव दिलं. मथुराबाई त्या पाटीखालून जाताना अजूनही पदर सावरायच्या, कुणी हाक मारावी तशा.

हिंदुरावांना काम उरलं नव्हतं. सकाळी टाकीचं पाणी सोडायचं, गाड्या लावण्यावरून भांडणाऱ्या भाडेकरूंना गप्प करायचं, दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडायचं. पासष्टीला टेकलेला, पण अंगाने अजून टणक माणूस. डाव्या हाताची करंगळी तेवढी तरुणपणी कडबाकुट्टीत सापडून कायमची आखडली होती. दुपारची झोप काही खरी लागत नसे. डोळे मिटले, की पायाखालची फरशी विरघळून काळी माती वर यायची आणि हिंदुराव त्या मातीतून हिंडत राहायचे. उठल्यावर त्यांना पाय धुवावेसे वाटत.

तळघराला ओल होती, म्हणून ते भाड्याने जाईना. शेवटी वाजवणाऱ्या तीन तरुण पोरांनी ते घेतलं. भिंतींना फोम चिकटवला, खाली जुन्या सतरंज्या घातल्या, आणि सुटीच्या दुपारी येऊन वाजवायला लागले. पहिल्याच रविवारी मथुराबाईंच्या मांडणीवरच्या वाट्या आपोआप गुणगुणू लागल्या.

“अहो, खाली जाऊन सांगा जरा त्या पोरांना,” त्या म्हणाल्या. “घरात भूत शिरल्यागत झालंय.”

हिंदुराव सदरा अडकवून निघाले. चांगलं खडसावायचं असं ठरवूनच निघाले होते. पण जिन्याच्या अर्ध्यावर त्यांचा पाय थबकला. आवाज कानांतून येत नव्हता. तो चपलांच्या तळव्यांतून वर येत होता, पोटऱ्यांतून, गुडघ्यांतून, आणि बरगड्यांच्या मागे कुठेतरी येऊन पसरत होता. वरचे बाकीचे आवाज त्यांना नीट ऐकूही आले नाहीत. हा एकच, सगळ्यांच्या बुडाशी असलेला, संथ.

त्यांना आठवलं ते दारं धरणं. पहाटेच्या अंधारात वीज यायची, विहिरीवरची मोटार सुरू व्हायची, आणि हिंदुराव खोरं घेऊन वाफ्यांच्या तोंडाशी उभे राहायचे. एक वाफा भरला, की माती ओढून त्याचं दार बंद करायचं, पुढच्याचं उघडायचं. तापलेल्या जमिनीत पाणी शिरताना एक आवाज होतो. तो दुसऱ्या कुणाला ऐकू येतो की नाही, ठाऊक नाही. अनवाणी उभ्या माणसाला मात्र येतो.

दार उघडून ते आत गेले तसा ड्रम वाजवणारा आमोद थांबला. गाणारी उत्कर्षाही थांबली.

“काका, आवाज जास्त होतोय का?” आमोदने विचारलं.

“ह्यो खालचा आवाज कोन काढतंय?”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीने वर्गात करतात तसा हात वर केला. तिच्या गळ्यात चार जाड तारांची, लांब मानेची गिटार होती. तिचं नाव सबा. हिंजवडीतल्या एका कंपनीत ती नोकरीला होती.

“मी, काका. हा बेस आहे. बेस गिटार.”

“परत काढ बरं.”

सबाने सगळ्यात जाड तार छेडली आणि तशीच वाजू दिली. हिंदुराव रंगाचा एक रिकामा डबा उपडा करून त्यावर बसले. ते वर परतले तेव्हा मथुराबाईंच्या भाकऱ्या करून झाल्या होत्या.

“सांगितलं का?”

“सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“चालू द्या म्हनलं.”

त्यानंतर दर रविवारी हिंदुराव त्या डब्यावर जाऊन बसू लागले. पोरांना आधी अवघडल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली. गाणी इंग्रजी असत, कधी हिंदी, कधी त्यांनीच केलेली. हिंदुरावांना शब्दांशी काही घेणं नव्हतं. ते डोळे मिटत आणि सबाच्या सुरामागून चालू लागत. एकदा सगळे चहा प्यायला बाहेर जायला निघाले, तेव्हा सबाने सहज आपला बेस त्यांच्या मांडीवर ठेवला.

“वाजवून बघा, काका. काही होत नाही त्याला.”

हिंदुरावांनी अंगठ्याने तार दाबून सोडली. लाकूड त्यांच्या पोटाला टेकलं होतं. सूर पोटातून निघाल्यासारखा निघाला आणि खोलीभर फिरून पुन्हा त्यांच्याकडेच आला. त्यांनी घाईघाईने तळवा ठेवून तो थांबवला. दुसऱ्याच्या घरात जोरात बोलल्यासारखं वाटलं त्यांना. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा वाजवला.

झालं. माणूस त्या दिवसापासून कामातून गेला. जेवताना ताटाच्या काठावर बोटं चालायची. दुपारी मातीतून हिंडताना हातात आता खोरं नसे, लांब मानेचं काहीतरी असे.

एका सोमवारी कुणाला न सांगता ते शहरात वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यांच्या टोपीपासून कोल्हापुरीपर्यंत पाहिलं.

“नातवाला का?”

“न्हाय. मला.”

“पूर्वी काय वाजवत होता आपण?”

“काय न्हाय.”

“म्हणजे घाई नाही आपल्याला.”

हिंदुरावांनी हात लावून बघू का, असं विचारलं. “बघा की. बघायचे पैसे नाहीत. पाडायचे आहेत,” असं म्हणून दुकानदाराने एक बेस खाली काढून दिला. किंमत जबर होती, पण खरा घोटाळा दुसराच होता. मान इतकी लांब, की डावा हात पार टोकाला न्यावा लागे, आणि तिथे आखडलेली करंगळी नुसती हवेत उभी राही. त्यांनी तो बेस जपून परत दिला. बाहेर येऊन बसथांब्यावर बराच वेळ बसले. समोरून त्यांची बस दोनदा निघून गेली.

सबाला त्यांनी हे सांगितलं ते मान खाली घालून.

“काका, मग आखूड मानेचा घ्या ना,” ती म्हणाली. “शॉर्ट स्केल म्हणतात त्याला. मानेवरची सुरांची घरं जवळजवळ असतात. आवाज तितकाच खाली जातो.”

“सूर तितकाच खोल?”

“तितकाच.”

तिच्या ऑफिसातला अनिरुद्ध परदेशी चालला होता आणि त्याला असाच एक बेस विकायचा होता. पैशाचा प्रश्न होता. तसा तो नव्हताही. विक्रमला एक शब्द टाकला असता तर त्याने दुकानच्या दुकान घरी आणून ठेवलं असतं. पण मागायचं म्हणजे कशाला ते सांगायला हवं, आणि हे सांगण्याजोगं हिंदुरावांना स्वतःलाच अजून धड कळलं नव्हतं. इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली त्यांची बैलगाडी पडून होती. बैल जाऊन वर्षं लोटली होती. सिंहगड रस्त्यावर गावरान जेवणाचं एक नवं हॉटेल निघालं होतं आणि त्याचा मालक दाराशी ठेवायला गाडी शोधत हिंडत होता. हिंदुरावांनी गाडी देऊन टाकली. टेम्पोत चढवताना तिच्या चाकाला त्यांनी एकदा हात लावला, मग मागे सरले. आपण दुःखी व्हायला हवं असं त्यांना वाटलं, पण मन तिथे नव्हतंच. ते हिंजवडीला पोचलं होतं.

अनिरुद्धच्या खोलीवर सामानाची खोकी बांधून पडली होती. बेस मधाच्या रंगाचा होता, कडेला एका ठिकाणी रंग उडालेला. हिंदुरावांनी तो मांडीवर घेतला, डावा हात पुढे केला. करंगळी पोचली नाहीच, पण तिची आता गरज लागत नव्हती. बाकीची तीन बोटं आपापल्या घरात जाऊन बसली.

पिशवी काही मिळाली नाही. हिंदुरावांनी खांद्यावरच्या उपरण्यात बेस गुंडाळला आणि तान्हं मूल घ्यावं तसा घेऊन बसमध्ये चढले. बाहेर काचेच्या इमारती मागे पडत होत्या, ऑफिसच्या बसगाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. हिंदुराव खिडकीशी बसून उपरण्याच्या आतल्या आत तार छेडत होते. आवाज फक्त त्यांच्या मांडीला कळत होता.

“बाबा, काय आहे ते? वीणा?” कंडक्टरने विचारलं.

“तसंच काहीतरी.”

“मग भजनी मंडळाचं वेगळं तिकीट घ्यावं लागेल.” असं म्हणून तो हसत पुढे गेला.

बायकोपासून ते लपवणं शक्यच नव्हतं. मथुराबाईंनी उपरणं सोडून पाहिलं, बेसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि एवढंच विचारलं, “ह्याला खायला काय लागतं?”

“वीज लागती थोडी.”

“मग ठेवा.”

सबाने सुरुवातीला एक छोटा जुना स्पीकर आणून दिला. पण त्यातून निघणारा आवाज हिंदुरावांना पटेना. तो खोकल्यासारखा यायचा. तळघरात येणारा तो जमिनीतला आवाज त्यात नव्हता. मोठा स्पीकर लागेल, आणि त्याला मोठं, बंद खोकं लागेल, असं सबाने समजावलं. तयार मिळतात, पण महाग. पुष्कळ लोक स्वतः बनवतात. स्वतः बनवतात हे ऐकल्यावर हिंदुरावांचे डोळे चमकले. सबाला घेऊन ते इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत गेले, परातीएवढा स्पीकर निवडला, आवाज वाढवणारं यंत्र घेतलं. लाकूड त्यांच्याजवळ होतंच. गोठा पाडला तेव्हा त्याच्या सागवानी दाराची फळकुटं त्यांनी गच्चीवर रचून ठेवली होती. करवत, रंधा, हातोडा काढून ते गच्चीवर कामाला लागले. मथुराबाई वाळवणाच्या बाजूने येता-जाता बघत.

“कोंबड्यांचं खुराडं का?”

“आवाजाचं.”

खोकं झालं. दिसायला झोकदार होतं. हिंदुरावांनी तारा जोडल्या, बेस घेतला, आणि जाड तार छेडली. सूर आला, खोल आला, पण त्याच्या मागोमाग खोक्यात कुठेतरी भुंगा शिरला. सूर वर न्यावा तसा भुंगा वाढे. एका सुराला तर अख्खं खोकं दात वाजवल्यासारखं वाजायला लागे. हिंदुरावांनी खिळे ठोकले, कापडाच्या चिंध्या कोंबल्या. भुंगा हलला, गेला नाही. त्या आठवड्यात दुपारी पडले, की स्वप्नात वाफ्याचं दार फुटायचं आणि पाणी भलतीकडेच वाहत जायचं.

“माझ्या अब्बांना दाखवू या का?” सबाने विचारलं.

तिचे वडील रज्जाक यांचा टिंबर मार्केटच्या मागे फर्निचरचा छोटा कारखाना होता. कपाटं, पलंग, देव्हारेसुद्धा करत. विक्रमच्या साइटवरच्या टेम्पोतून हिंदुरावांनी खोकं तिकडे नेलं. रज्जाकभाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं, आतून हात फिरवला, कडेवर फुंकर मारून पाहिली.

“दादा, सागवान झकास आहे,” ते म्हणाले. “पण हे अजून दारच राहिलंय. ठिकठिकाणी हवा जातेय.”

“मग काय करावं?”

“खरं सांगू का? मी जन्मात स्पीकर केलेला नाही. पण चला, दोघं मिळून बिघडवू.”

पुढच्या कितीतरी दुपारी हिंदुराव त्या कारखान्यात जात राहिले. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या खाली यायच्या आणि त्यांतून लाकडाची धूळ सावकाश तरंगत राहायची. रज्जाकभाई कमी बोलत. हिंदुरावही. एकाने धरायचं, दुसऱ्याने कापायचं. जुन्या खिळ्यांची भोकं त्यांनी भुसा आणि सरस कालवून बुजवली. आतून कोपऱ्याकोपऱ्याला पट्ट्या बसवल्या, मधोमध आडवा दांडा दिला. पुढचा भाग सागवानी नको, जाड प्लायचा करू, असं दोघांनी बऱ्याच वादानंतर ठरवलं. सबाने कुठूनसं वाचून आणलं, की आतून कापूस लावला तर आवाज मऊ होतो. हिंदुरावांनी घरी विषय काढला तेव्हा मथुराबाईंनी काही न विचारता एक जुनी गादी उसवून दिली.

एकदा चहा पिताना रज्जाकभाई म्हणाले, “सबा घरी कानाला हेडफोन लावून वाजवते. आम्हाला त्रास नको म्हणून. मला फक्त तारांची टिकटिक ऐकू येते, दादा. भिंतीवरच्या घड्याळासारखी. इतकी वर्षं झाली. पोरगी वाजवते काय, ते मी काही ऐकलेलं नाही.”

“मी ऐकलंय,” हिंदुराव म्हणाले. “बसून ऐकावं असं वाजवती.”

काम पुरं झालं त्या दिवशी सबा ऑफिसातून थेट कारखान्यावर आली. पहिला मान हिंदुरावांचाच होता, पण त्यांनी बेस तिच्या गळ्यात घातला. “तू वाजव. मला ऐकायचंय,” ते म्हणाले.

सबाने वाजवलं. भुंगा नव्हता. सूर निघाला तो जमिनीवरून सरपटत गेला, कपाटांच्या अर्धवट चौकटींतून फिरला, पत्र्याला टेकून खाली आला. कामाच्या टेबलावर भुसा पसरला होता. तो हलू लागला आणि वाऱ्याने वाळूवर पडतात तशा त्यात बारीक लाटा पडल्या. सबाने एक संथ चाल धरली, तीच ती पुन्हा पुन्हा, दर खेपेला थोडी वेगळी. रज्जाकभाई हातातला पॉलिश कागद तसाच धरून उभे होते. हिंदुरावांनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. ते भुशातल्या लाटांकडे बघत राहिले. ओल्या वाफ्यावरून वारा गेला की दिसायच्या तशाच त्या दिसत होत्या.

सूर विरला. रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेत होतं.

“हे रोज वाजवतेस?” रज्जाकभाईंनी विचारलं.

“रोज, अब्बा.”

“मग आम्हाला कशाला त्रास होईल असं वाटलं तुला?”

पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने सबाने मान खाली घातली. रज्जाकभाईंनी खोक्यावरची धूळ पुसली, जिथे ती नव्हती तिथलीसुद्धा. मग म्हणाले, “अजून एकदा.”

खोकं घरी आलं आणि हॉलच्या कोपऱ्यात बसलं. दिवसभर साइटवर असणाऱ्या विक्रमला वाटलं, आईने नवं टेबल केलं. त्याला पहिला सुगावा लागला तो हॉटेलात. तो दोन गिऱ्हाइकांना गावरान जेवणाला घेऊन गेला, तर दाराशी विजेच्या माळांमध्ये त्यांचीच बैलगाडी, आणि तिला जुंपलेले दोन प्लास्टरचे बैल. तो तसाच घरी आला.

“अण्णा, आपली गाडी हाय ती! पैसे पायजे होते तर मला सांगायचं ना!”

“काय सांगनार तुला?” हिंदुराव म्हणाले. “सांगायला बसलो असतो तर इच्छा मोडली असती.”

विक्रमने मग बेस पाहिला, खोकं पाहिलं, वडिलांच्या उजव्या हाताच्या बोटांना पडलेले घट्टे पाहिले. त्याचा आवाज खाली आला. “अण्णा, मी भारीतला आणून देतो. नवा. बाहेरून मागवू.”

“नको. ह्याला आता माझी बोटं ठावकी झाल्यात.”

“बैल मात्र फारच भंगार लावल्यात त्यांनी,” विक्रम म्हणाला, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

हिंदुराव फार मोठे वाजवणारे झाले, असं काही नाही. चार-पाच चाली बसल्या, त्याही संथ असल्या तरच. उन्हाळ्यात कंपनीने सबाला काही महिन्यांसाठी चेन्नईला पाठवलं, तेव्हा आमोद वर आला आणि दारात घुटमळला. “काका, तळाला कुणी नाहीये आमच्या. तुम्ही याल का?” हिंदुराव नवा सदरा घालून खाली गेले. आमोदने काड्या वाजवून चार मोजले, गाणं सुरू झालं, आणि हिंदुराव ऐकतच राहिले. पहिली फेरी त्यांच्यावाचून निघून गेली. उत्कर्षाने गाता गाता त्यांच्याकडे पाहून मान हलवली, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला नुसतं ऐकायचं नाही. दुसऱ्या फेरीला ते आत शिरले.

रोजची दुपार मात्र घरचीच. जेवणं झाली, की हिंदुराव खोक्याजवळ खुर्ची घेत. एक दिवस मथुराबाई गहू निवडून उठल्या, तर त्यांची पाठ धरली. जवळ टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्या खोक्यालाच पाठ लावून खाली बसल्या. हिंदुरावांनी हात थांबवला.

“वाजवा की,” त्या म्हणाल्या. “बरं वाटतंय पाठीला.”

त्यांनी हलक्या हाताने जाड तार छेडली. मग पुन्हा. एकच सूर, विरत आला की दुसरा. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पसरलं होतं. हळूहळू मथुराबाईंची मान कलली, ओठ थोडे उघडले, मांडीवरचे हात सैल पडले. हिंदुरावांनी त्यांना असं झोपलेलं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. फरशीखालची माती वर येऊ लागली, खिडकीपर्यंत, दारापर्यंत, आणि ते तिच्यात बसून राहिले. बोटं दुखायला लागली तेव्हा त्यांनी शेवटचा सूर विरू दिला आणि बेस हळूच खाली ठेवायला घेतला.

“का थांबलात?” मथुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

हिंदुरावांनी बेस पुन्हा मांडीवर घेतला.